सहावीला कुठे घालायचं? यवतमाळमध्ये सरकारी शाळांची तुलना करताना नेमकं काय बघायचं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. प्रवेशाची धावपळ मात्र एप्रिल-मेमध्येच सुरू होते. चौथी, पाचवी किंवा सातवी संपलेलं मूल घरात असेल, तर शिक्षक दारात येतात. आमची शाळा सेमी इंग्रजी आहे, आमच्याकडे गाडीची सोय आहे, आमच्या इतक्या मुलांना स्कॉलरशिप मिळाली, असं सांगितलं जातं. गावच्या शाळेचे गुरुजी सांगतात, ‘इथंच राहू द्या, पट कमी झाला तर वर्ग जाईल.’

पालकांसमोर प्रश्न एकच असतो. यातली चांगली शाळा कोणती?

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. एका टोकाला वणीच्या कोळसा खाणी, दुसऱ्या टोकाला पैनगंगेच्या काठावरचं उमरखेड. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती आणि दर पाचपैकी जवळपास चार जण खेड्यात राहत होते. म्हणजे बहुतेक घरांसाठी ‘शाळा निवडणं’ याचा अर्थ शहरातल्या पालकांसारखा दहा शाळा फिरून बघणं असा होत नाही. दोन, फार तर तीन पर्याय असतात, आणि तेही एकमेकांसारखे नसतात.

एकाच वर्गाच्या पाच तऱ्हा

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवी हाच मधला टप्पा आहे. कागदावर सगळं स्पष्ट आहे.

पण महाराष्ट्रातल्या शाळा या कायद्याच्या कितीतरी आधी बांधल्या गेल्या. तेव्हाचा हिशोब वेगळा होता. पहिली ते चौथी गावात, पाचवी ते सातवी जरा मोठ्या गावात आणि आठवीपासून हायस्कूल. २०१३ मध्ये सरकारने चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायचं धोरण आणलं. २०२० मध्ये पाचवीबद्दल पुन्हा आदेश निघाला. तरी जुना सांगाडा पुरता गेलेला नाही. कारण साधं आहे. पाचवी ते आठवीचे वर्ग खासगी अनुदानित हायस्कूलकडेही आहेत आणि त्या वर्गांवर तिथल्या शिक्षकांची पदं अवलंबून आहेत. वर्ग हलला की पद हलतं.

त्यामुळे आज यवतमाळमध्ये सहावीतलं मूल पाच वेगवेगळ्या प्रकारच्या शाळेत असू शकतं. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची किंवा आठवीपर्यंतची शाळा. पुसद, वणी, दारव्ह्यासारख्या गावांमध्ये नगर परिषदेची शाळा. पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल, जे चालवते संस्था पण पगार देतं सरकार. आदिवासी विकास विभागाची किंवा भटक्या-विमुक्तांसाठीची आश्रमशाळा. आणि नशीब जोरावर असेल तर घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याचं जवाहर नवोदय विद्यालय.

नवोदयला आधीच बाजूला ठेवू. तिथे सहावीसाठी जिल्ह्यातून जास्तीत जास्त ८० मुलं घेतली जातात, तीही परीक्षा घेऊन. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात ही चांगली गोष्ट. पण निवडून घेतलेल्या मुलांच्या निवासी शाळेची तुलना दारात येईल त्या प्रत्येक मुलाला घेणाऱ्या शाळेशी करणं हा सरळ अन्याय आहे. तरीही ‘नवोदयसारखी शाळा’ हे शब्द चर्चेत सतत येतात.

निकालाचा फलक काय सांगतो?

शाळेच्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा फलक बहुतेक वेळा शिष्यवृत्ती परीक्षेचा असतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. शाळेपर्यंत खाली उतरणारा आणि लोकांना सहज कळणारा हा जवळपास एकमेव निकाल आहे. म्हणून त्याचं वजन फार.

त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, परीक्षेला सगळी मुलं बसत नाहीत. चाळीसपैकी दहा हुशार मुलं बसवून आठ पास झाली तर निकाल ८० टक्के. तीसच्या तीस बसवून पंधरा पास झाली तर निकाल ५० टक्के. फलकावर पहिली शाळा पुढे दिसते. प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेने जास्त मुलं पास केली आणि कुणालाही वगळलं नाही.

दुसरी अडचण, ही मुलं घडवली कुणी? २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी आणि आठवीला होऊ लागली. चौथीपर्यंतच्या झेडपी शाळेत तयार झालेलं मूल पाचवीला हायस्कूलमध्ये जायचं आणि काही महिन्यांनी त्याचं यश हायस्कूलच्या नावावर लागायचं. सरकारने २०२५ मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीकडे न्यायचा निर्णय घेतला. त्यामुळे येत्या काही वर्षांत फलकांवरची नावं बदललेली दिसली, तर शाळा अचानक सुधारल्या किंवा बिघडल्या असा अर्थ काढू नका. मोजण्याची जागा बदलली आहे.

आठवीसाठी आणखी एक परीक्षा आहे, एनएमएमएस. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा कमी असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात ही रक्कम लहान नाही. पण राहणं-जेवण सरकार देतं अशा निवासी शाळांमधली मुलं या योजनेत बसत नाहीत. म्हणजे सरकारी आश्रमशाळा या यादीत दिसणारच नाही. ती मागे आहे म्हणून नव्हे, तिला शर्यतीत घेतलेलंच नाही म्हणून.

मग प्रत्येक मुलाला किती येतं, याची मोजणी होतच नाही का? होते. राज्यात २०२३-२४ पासून ‘पॅट’ म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. भाषा, गणित, इंग्रजी. शिक्षक प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवर भरतात आणि ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा होतात. पण शेजारच्या दोन शाळांचे गुण शेजारी ठेवून बघायची सोय पालकांना नाही. केंद्र सरकारचं ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं, तेही तिसरी, सहावी आणि नववीचं, आणि फक्त नमुन्यादाखल घेतलेल्या शाळांमध्ये. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं. तुमच्या गावच्या शाळेचं कळत नाही.

आकडे जाहीर करावेत की नाही यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गुण जाहीर केले तर ते फुगवून भरले जातील ही भीती खोटी नाही. पण आकडे लपवल्याने तुलना थांबत नाही. ती इमारतीच्या रंगावर, बुटांवर आणि टायवर होते.

मूल कुठून आलं, तेही बघायला हवं

‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं सहावीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा दुसरीचा धडा त्यांना सलग वाचता येत नव्हता. हा देशाचा आकडा आहे, यवतमाळचा नाही. पण सहावीच्या शिक्षकाच्या हातात काय येतं, याची कल्पना त्यातून येते.

यवतमाळमध्ये यात भाषेचा मुद्दा मिसळतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या भागात कोलाम पोड आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. घरात कोलामी बोलली जाते, शाळेत मराठी. पुसद, दिग्रस, महागाव पट्ट्यातल्या तांड्यांवर बंजारा बोली, आणि अनेक गावांत गोंडी. पोडावरची शाळा साधारण चौथी-पाचवीपर्यंतच असते. पुढे एक तर रोज चालायचं, नाहीतर आश्रमशाळेत राहायला जायचं. दहा-अकरा वर्षांचं मूल एकाच वर्षात घर, भाषा आणि शिक्षक बदलतं.

अशा वीस मुलांना सातवीपर्यंत नीट वाचायला-लिहायला शिकवणारी शाळा, आणि बाजारपेठेच्या गावातली आधीच नीट वाचणारी मुलं घेऊन सातवीपर्यंत नेणारी शाळा, यात चांगली कोणती? वर्षाअखेरचे गुण पाहिले तर दुसरी. मूल कुठून कुठे आलं हे पाहिलं तर कदाचित पहिली.

खरा फरक: सहावीला गणित कोण शिकवतं?

प्राथमिक वर्गात एक शिक्षक सगळे विषय शिकवू शकतो. सहावीपासून ते जमत नाही. अपूर्णांक, बीजगणिताची सुरुवात, विज्ञानातले प्रयोग, इंग्रजी व्याकरण हे सगळं इथे येतं. म्हणूनच आरटीईच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वेगळी अट आहे. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यात गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांच्यासाठी किमान एकेक. ३५ मुलांमागे एक शिक्षक. १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं. (पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास.)

झेडपीत या शिक्षकांना ‘विषय शिक्षक’ किंवा ‘पदवीधर शिक्षक’ म्हणतात. सगळ्यात जास्त अडतं ते गणित-विज्ञानाला. डीएड करून लागलेल्या शिक्षकांमध्ये विज्ञानाची पदवी घेतलेले कमी असतात आणि पदोन्नतीने पद भरायचं तर तीच पदवी लागते. मग तिसरीचे गुरुजी मधल्या सुट्टीनंतर सातवीचं विज्ञान घेतात.

म्हणून शाळेत एकूण शिक्षक किती, हा प्रश्न अर्धवट आहे. पहिली ते सातवीच्या शाळेत सहा शिक्षक असतील, पण त्यातले सहावी-सातवीसाठी नेमलेले किती? पाचवी ते दहावीच्या हायस्कूलमध्ये चौदा शिक्षक असतील, पण गणिताचे सर दहावीच्या बोर्डात अडकलेले असतील तर सहावीच्या वर्गावर कोण जातं? ‘सेमी इंग्रजी’ या पाटीचंही तेच. विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत आहे हे खरं, पण ते समजावणारा शिक्षक विज्ञानाचा आहे का?

वीसचा आकडा

शाळांची तुलना हा फक्त पालकांचा घरगुती प्रश्न राहत नाही, तो इथे.

कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ‘संचमान्यते’वर ठरतं. ३० सप्टेंबरचा पट धरून पदं मंजूर होतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने त्याचे निकष बदलले. त्यातल्या एका तरतुदीवरून राज्यभर शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. सहावी ते आठवी या गटात २० पेक्षा कमी मुलं असतील तर त्या गटासाठी शिक्षकाचं एकही पद नाही, ही ती तरतूद.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सातवीपर्यंतची झेडपी शाळा आहे. सहावी-सातवीत मिळून २४ मुलं. मे महिन्यात पाच घरांनी तुलना केली आणि मुलं तालुक्याच्या हायस्कूलला घातली. त्यात त्यांची काही चूक नाही. पट उरला १९. या निकषाने विषय शिक्षकाचं पद गेलं. आता उरलेल्या १९ जणांना प्राथमिकचे शिक्षक जमेल तसं शिकवणार. पुढच्या मेमध्ये आणखी पालक म्हणतील, ‘तिथे शिक्षकच नाहीत.’ आणि तेव्हा ते खरं असेल.

शाळा वाईट होती म्हणून मुलं गेली, की मुलं गेली म्हणून शाळा वाईट झाली? दोन वर्षांनी हा फरक कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही.

सरकारची बाजूही आहे. तीन वर्गांत मिळून आठ-दहा मुलं आणि त्यांच्यासाठी तीन शिक्षक हे परवडत नाही, मुलांनाही समवयस्क सोबती मिळत नाहीत, हा युक्तिवाद आहे. शहरालगतच्या, रस्त्याकडेच्या गावात तो पटतोही. पण तोच नियम पोडाला आणि तांड्याला लावला की ज्या घरांकडे दुसरा पर्याय नाही त्यांचीच शाळा आधी दुबळी होते. पाच मुलांच्या घरी मोटारसायकल होती. उरलेल्या १९ जणांच्या घरी बहुधा नव्हती.

तीन किलोमीटर म्हणजे किती?

आरटीईनुसार उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण पावसाळ्यात वाटेतला नाला भरतो. जंगलाच्या कडेची वाट असेल तर आणखी वेगळं. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१, म्हणजे अवनी वाघिणीला १३ जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं होतं. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला मारेपर्यंत तिथली माणसं शेतात जायलाही बिचकत होती. अशा वाटेवरून मुलीला एकटी पाठवायचं की सातवीनंतर घरी बसवायचं, असा विचार करणाऱ्या आईला निकालाचा फलक काय कामाचा?

सोयी आहेत, पण त्यांच्या मध्ये फटी आहेत. ग्रामीण मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, मात्र शाळेच्या वेळेला एसटी हवी. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते ती आठवीपासून. सहावी-सातवीची मुलगी त्यात बसत नाही, आणि मुलीला लांबच्या शाळेत घालायचं का, हा निर्णय नेमका तेव्हाच होतो.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट शाळा ठरवते. शौचालय. या तीन वर्षांत बहुतेक मुलींना पाळी सुरू होते. शाळेच्या कागदावर शौचालय असतंच. त्यात पाणी आहे का आणि त्याला कुलूप आहे का, हे कागदावर कळत नाही.

मग पालकांनी बघायचं काय?

सुरुवात मोबाइलवरून करता येते. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि तो अनेकदा शाळेच्या पाटीवरच लिहिलेला असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. यवतमाळच्या शाळांचा क्रमांक २७१४ ने सुरू होतो. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ या पानावर शाळा शोधली की तिचं प्रगतिपत्रक उघडतं. मुलांची संख्या, शिक्षक, वर्गखोल्या, ग्रंथालय, वीज, पाणी. सरकारी, अनुदानित आणि आश्रमशाळा सगळ्या तिथे आहेत, म्हणून निदान एकाच नमुन्यात त्यांची माहिती मिळते. शौचालयाच्या रकान्यात ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ हे दोन आकडे वेगळे असतात. दुसरा बघा. ही माहिती शाळांनीच भरलेली असते, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

एकाच वर्षाचं पत्रक पाहून उपयोग नाही. तीन-चार वर्षांचा पट शेजारी ठेवला, तर सहावीत आलेली किती मुलं सातवी-आठवीपर्यंत टिकली याचा अंदाज येतो. मधूनच मुलं गळत असतील, तर ती कुठे जातात हे विचारण्यासारखं आहे.

बाकीचं शाळेत जाऊनच कळतं. सहावीचं वेळापत्रक मागा आणि गणित-विज्ञानासमोर कुणाचं नाव आहे ते वाचा. सातवीतल्या एखाद्या मुलाला सहावीचं पुस्तक वाचायला सांगा, सगळ्यात हुशार मुलाला नको, मागच्या बाकावरच्याला. शाळा व्यवस्थापन समितीची मागची बैठक कधी झाली विचारा. कायद्याने या समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. विषय शिक्षकाचं पद रिकामं असेल तर समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेकडे लेखी जाऊ शकतो. एका पालकाच्या तक्रारीपेक्षा त्याला वजन असतं.

आणि एक प्रश्न खास यवतमाळसाठी. पट ३० सप्टेंबरचा धरतात. ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर निघतात. पुसद, महागाव, उमरखेडच्या तांड्यांवरची कुटुंबं दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटककडे जातात. कापूस वेचणीही त्याच महिन्यांत येते आणि सहावी-सातवीतलं मूल तोवर वेचायच्या वयाचं झालेलं असतं. सप्टेंबरमध्ये भरलेला वर्ग जानेवारीत अर्धा असू शकतो. काही शाळा गावात आजी-आजोबांकडे मुलं ठेवायला पालकांना तयार करतात, काही हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवतात, काही नुसतं हजेरीपत्रक पूर्ण करतात. यातलं काहीही प्रगतिपत्रकावर दिसत नाही.

त्यासाठी मुख्याध्यापकांना एवढंच विचारायचं, ‘सर, फेब्रुवारीत सहावीच्या वर्गात रोज किती मुलं बसतात?’